स्किझोटायपी

स्किझोटायपी ही मानसशास्त्रातील व मनोविकारशास्त्रातील एक संकल्पना आहे. स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) या आजारात विचार, संवेदना आणि भावना यांमध्ये जे बदल तीव्र स्वरूपात दिसतात, त्यांच्या सौम्य छटा आजारी नसलेल्या माणसांमध्येही कमी-अधिक प्रमाणात आढळतात. व्यक्तिमत्त्वाच्या या पैलूला स्किझोटायपी असे म्हणतात. कोणी नसताना आपल्या नावाची हाक ऐकू येणे, योगायोगाने घडलेल्या गोष्टीत स्वतःसाठी खास संदेश दिसणे, आपल्या मनातले इतरांना कळते असे वाटणे, विनाकारण संशय येणे ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे होत.

स्किझोफ्रेनियाची प्रवणता मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, हे कुटुंबे, जुळी भावंडे व दत्तक मुले यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. ही प्रवणता एखाद्या ‘वेड्या’ जनुकात नसून हजारो जनुकीय भेदांमध्ये विखुरलेली आहे आणि त्यांपैकी काही भेद प्रत्येक माणसात असतात. सर्वसामान्य लोकांमधील असाधारण विचार हे याच प्रवणतेचे दृश्य रूप आहे, असे अनेक दशके मानले जात होते. एकविसाव्या शतकातील अभ्यासांनुसार या दोहोंत संबंध आहे, परंतु तो अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आहे.

स्वरूप

स्किझोटायपीचे साधारणतः तीन घटक मानले जातात. पहिल्या घटकात असाधारण अनुभव व समजुती येतात. चमत्कारिक कार्यकारणभावावर विश्वास, क्षणिक भास, संशयीपणा आणि घटनांचा संबंध स्वतःशी जोडण्याची वृत्ती यांचा त्यात समावेश होतो. याला ‘सकारात्मक’ स्किझोटायपी म्हणतात. येथे ‘सकारात्मक’ याचा अर्थ चांगले असा नसून, नेहमीच्या अनुभवात काहीतरी अधिकचे भर पडणे असा आहे. दुसऱ्या, ‘नकारात्मक’ घटकात आनंदाची जाणीव मंदावणे, लोकांत मिसळण्याची इच्छा नसणे आणि भावना कमी व्यक्त होणे या गोष्टी येतात. तिसरा घटक विस्कळीतपणाचा आहे. बोलण्यात एका विषयावरून भलत्याच विषयावर जाणे, लक्ष न टिकणे आणि विक्षिप्त वागणे ही त्याची लक्षणे होत.

हे तिन्ही घटक एकाच व्यक्तीत एकत्र असतीलच असे नाही. विलक्षण समजुती असलेला माणूस अतिशय मनमिळाऊ असू शकतो, तर एकलकोंड्या माणसाला एकही भास झालेला नसतो. म्हणूनच ‘असाधारण विचार’ आणि ‘स्किझोफ्रेनियाची प्रवणता’ हे समानार्थी शब्द ठरत नाहीत.

स्किझोटायपी हे आजाराचे निदान नाही. ही वैशिष्ट्ये दीर्घकाळ टिकून नातेसंबंध व कामकाज यांत गंभीर अडथळा आणत असतील, तेव्हा ‘स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार’ असे निदान केले जाते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेत त्याचा समावेश १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत झाला. स्किझोफ्रेनिया म्हणजे एकाच शरीरात दोन व्यक्तिमत्त्वे असणे, ही लोकांत रूढ असलेली समजूतही चुकीची आहे.

संकल्पनेचा इतिहास

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे वर्णन ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ या नावाने केले. स्विस तज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरात आणला आणि १९११ मध्ये त्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला. रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये काही वेळा विचारांचे सौम्य वेगळेपण दिसते, याकडे ब्लॉयलर यांनी लक्ष वेधले आणि त्याला ‘सुप्त’ स्किझोफ्रेनिया म्हटले.

१९५३ मध्ये शांडोर रादो यांनी ‘स्किझोटाइप’ हा शब्द योजला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९६२ मध्ये त्याला सिद्धांताचे रूप दिले. मील यांच्या मते, सुमारे १० टक्के लोक मज्जासंस्थेतील एक आनुवंशिक दोष घेऊन जन्माला येतात. त्यातून स्किझोटायपी निर्माण होते आणि त्यांपैकी थोड्याच जणांना प्रत्यक्ष आजार होतो. या मांडणीनुसार समाज दोन गटांत विभागला जातो, एक दोष असलेल्यांचा आणि दुसरा नसलेल्यांचा.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ गॉर्डन क्लॅरिज यांनी याच्या विरुद्ध भूमिका घेतली. उंची किंवा रक्तदाब यांप्रमाणे स्किझोटायपी सर्वांमध्येच असते, फक्त तिचे प्रमाण वेगवेगळे असते आणि ती स्वतः दोष नसून व्यक्तिमत्त्वातील सामान्य विविधता आहे, असे त्यांचे मत होते. आजार हा त्या वैशिष्ट्यांमुळे नव्हे, तर त्यांवरील ताबा सुटल्याने होतो, असे या दृष्टिकोनातून मानले जाते. पुढील जनुकीय संशोधनाने प्रवणतेच्या बाबतीत मील यांच्या दोन गटांपेक्षा अखंड श्रेणीच्या कल्पनेला अधिक बळ दिले.

मापन

स्किझोटायपीचे मापन मुख्यतः प्रश्नावलीद्वारे केले जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील लॉरेन व जीन चॅपमन यांनी १९७० च्या दशकापासून संवेदनांतील विकृती, चमत्कारिक विचार आणि आनंदहीनता यांसाठी स्वतंत्र मोजपट्ट्या तयार केल्या. एड्रियन रेन यांनी १९९१ मध्ये ७४ प्रश्नांची स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये क्लॅरिज व सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड-लिव्हरपूल प्रश्नावली मांडली.

या साधनांना मर्यादा आहेत. ‘तुम्हाला कधी इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू आले आहेत का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांत झोपेच्या उंबरठ्यावर हाक ऐकलेला विद्यार्थी, नुकतीच पत्नी गमावलेला आणि तिचा आवाज ऐकणारा वृद्ध, आणि उपचारांची खरोखर गरज असलेली व्यक्ती असे तिघेही असू शकतात. प्रश्नावलीत या तिघांना सारखेच गुण मिळतात.

सर्वसामान्य लोकांतील प्रमाण

निरोगी लोकांच्या भासांची पहिली मोठी पाहणी हेन्री सिजविक यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमध्ये झाली. तिचा अहवाल १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १७,००० लोकांना, पूर्ण जागे असताना कोणतेही बाह्य कारण नसताना काही दिसले, ऐकू आले किंवा स्पर्श जाणवला का, असे विचारण्यात आले होते. सुमारे १० टक्के लोकांनी होकार दिला.

२०१५ मध्ये जॉन मॅकग्रा व सहकाऱ्यांनी १८ देशांतील ३१,२६१ प्रौढांच्या मुलाखतींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आयुष्यात एकदा तरी भास किंवा भ्रमासारखा अनुभव आलेल्यांचे प्रमाण ५.८ टक्के होते. यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांना असा अनुभव संपूर्ण आयुष्यात एकदाच आला होता. रिचर्ड लिन्स्कॉट व जिम व्हॅन ऑस यांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, असे अनुभव येणाऱ्या सुमारे ८० टक्के लोकांमध्ये ते कालांतराने नाहीसे होतात, २० टक्के लोकांमध्ये टिकतात आणि सुमारे ७ टक्के लोकांना चित्तविकृती म्हणजेच सायकोसिस होते.

बालपणातील तीव्र अनुभवांना मात्र अधिक महत्त्व आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन अभ्यासात ११ व्या वर्षी अशी ठळक लक्षणे सांगणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक-चतुर्थांश मुलांमध्ये २६ व्या वर्षापर्यंत स्किझोफ्रेनियासदृश विकार आढळला. ही जोखीम इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक होती, तरीही त्यांतील बहुसंख्य मुलांना हा विकार झाला नाही.

आनुवंशिकता

कुटुंब व जुळ्यांचे अभ्यास

सर्वसामान्य व्यक्तीला आयुष्यभरात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता सुमारे १ टक्का किंवा त्याहून थोडी कमी असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातील अभ्यासांच्या आधारे १९९१ मध्ये केलेल्या संकलनानुसार, भाऊ किंवा बहीण आजारी असल्यास ही शक्यता सुमारे ९ टक्के, आई किंवा वडील आजारी असल्यास सुमारे १३ टक्के आणि एकबीज जुळे भावंड आजारी असल्यास सुमारे ४८ टक्के असते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१८ मधील अभ्यासात एकबीज जुळ्यांसाठी हा आकडा ३३ टक्के आला आणि आनुवंशिकतेचे प्रमाण ७९ टक्के असल्याचा अंदाज करण्यात आला.

या ७९ टक्क्यांचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. ‘रुग्णाच्या मुलाला आजार होण्याची शक्यता ७९ टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. एका विशिष्ट समाजात माणसामाणसांमधील प्रवणतेत जो फरक दिसतो, त्याचा किती भाग जनुकीय फरकांनी स्पष्ट होतो, हे तो आकडा सांगतो. वरील आकडेवारीनुसारच, आई किंवा वडील आजारी असलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ८७ मुलांना हा आजार होत नाही.

आनुवंशिकता व संगोपन यांचा परिणाम वेगळा करण्यासाठी दत्तक मुलांचे अभ्यास झाले. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात, स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांपासून जन्मतःच वेगळ्या केलेल्या ४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५ जणांना हा आजार झाला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ५० मुलांपैकी कोणालाही झाला नाही. सेमूर केटी, डेव्हिड रोझेनथाल व पॉल वेंडर यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या अभ्यासांत दत्तक गेलेल्या रुग्णांच्या जैविक नातेवाइकांमध्ये सौम्य, स्किझोटायपल लक्षणेही अधिक आढळली. आईच्या थंड वागणुकीमुळे हा आजार होतो, असे त्या काळी प्रचलित असलेले आणि असंख्य मातांवर अन्याय करणारे मत या अभ्यासांमुळे मागे पडले.

प्रवणता असूनही ती दृश्य होत नाही, याचा पुरावा १९८९ मध्ये गॉट्समन व अक्सेल बर्टेलसन यांच्या अभ्यासातून मिळाला. एकबीज जुळ्यांपैकी एक जण आजारी व दुसरा निरोगी, अशा डॅनिश जोड्यांच्या अपत्यांची त्यांनी तुलना केली. आजारी जुळ्याच्या आणि निरोगी जुळ्याच्या मुलांमधील जोखीम जवळपास सारखीच निघाली. म्हणजेच निरोगी भावंडानेही ती प्रवणता पुढच्या पिढीकडे सोपवली होती, मात्र त्याच्या स्वतःच्या आयुष्यात ती प्रकट झाली नव्हती.

जनुकीय अभ्यास

गॉट्समन व जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्ये, अनेक जनुकांचे छोटे परिणाम एकत्र येऊन एक उंबरठा ओलांडला गेला की आजार होतो, असे मत मांडले. याची खात्री होण्यास सुमारे चार दशके लागली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्किझोफ्रेनिया संघाने हजारो सामान्य जनुकीय भेदांची बेरीज करणारा ‘बहुजनुकीय जोखीम गुणांक’ वापरून या मताला थेट पुष्टी दिली. मनोविकार जनुकशास्त्र संघाच्या २०१४ मधील अभ्यासात ३६,९८९ रुग्ण व १,१३,०७५ इतर व्यक्ती यांच्या तुलनेतून जीनोमवरील १०८ ठिकाणे निश्चित झाली. २०२२ मध्ये हा आकडा २८७ वर गेला. यांतील बरीच जनुके चेतापेशींमधील संदेशवहनाशी निगडित आहेत.

याखेरीज काही दुर्मीळ पण प्रभावी बदलही आहेत. २२ व्या गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा गळालेल्या व्यक्तींपैकी सुमारे एक-चतुर्थांश व्यक्तींना प्रौढपणी चित्तविकृती होते. आइसलँडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, जोखीम वाढवणारे दुर्मीळ बदल असूनही आजारी नसलेल्या व्यक्तींची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी रुग्ण व सर्वसामान्य लोक यांच्या दरम्यानची असते.

असाधारण विचारांशी संबंध

असाधारण विचार हे जनुकीय जोखमीचे सौम्य रूप असेल, तर जोखीम गुणांक अधिक असलेल्या निरोगी लोकांत असे विचार ठळकपणे अधिक दिसायला हवेत. ही अपेक्षा अंशतःच खरी ठरली आहे.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्किझोफ्रेनियाच्या गुणांकाचा संबंध किशोरवयातील भास व भ्रमसदृश अनुभवांशी आढळला नाही. तो चिंताविकार आणि निरुत्साह, अलिप्तता यांसारख्या नकारात्मक लक्षणांशी आढळला.

यूके बायोबँकमधील सुमारे १ लाख २८ हजार प्रौढांवरील २०१९ च्या अभ्यासात भास व भ्रमसदृश अनुभव आणि स्किझोफ्रेनिया यांच्यात जनुकीय सहसंबंध आढळला, पण तो ०.२१ इतकाच होता. नैराश्याशी असलेला सहसंबंध ०.४६ म्हणजे त्याहून अधिक होता. आत्ममग्नता व अवधान-न्यूनता यांच्याशीही संबंध दिसला. अशा अनुभवांतील फरकांचा २ टक्क्यांहूनही कमी भाग सामान्य जनुकीय भेदांनी स्पष्ट झाला.

यावरून असे अनुभव स्किझोफ्रेनियाची खास खूण नसून, मानसिक त्रासाच्या सर्वसाधारण प्रवणतेची खूण असावेत, असे अनेक संशोधक मानतात. मात्र या निष्कर्षांना एक मर्यादा आहे. ज्यांची जोखीम अधिक असते, त्या व्यक्ती दीर्घकालीन पाहण्यांतून गळून जाण्याचे प्रमाणही अधिक असते, त्यामुळे खरा संबंध दिसतो त्यापेक्षा मोठा असू शकतो.

परिस्थितीचा वाटा

एकबीज जुळ्यांपैकी एकच आजारी पडण्याच्या असंख्य उदाहरणांवरून परिस्थितीचा वाटा स्पष्ट होतो. ‘जेनेन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या चार एकबीज अमेरिकन बहिणींवर रोझेनथाल यांनी १९६३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. चौघींनाही हा आजार झाला होता, परंतु त्याची तीव्रता व पुढील वाटचाल प्रत्येकीत वेगळी होती.

गर्भावस्थेतील व प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंती, बालपणातील छळ, स्थलांतर, महानगरात वाढणे आणि किशोरवयात गांजाचे नियमित सेवन यांचा संबंध जोखीम वाढण्याशी आढळला आहे. पेक्का तिएनारी यांच्या फिनलंडमधील दत्तक मुलांच्या अभ्यासात (२००४) आनुवंशिक जोखीम असलेली मुले कलहग्रस्त घरात अधिक प्रमाणात आजारी पडली, तर सलोख्याच्या घरात त्यांची जोखीम बरीच कमी राहिली.

सर्जनशीलता व उत्क्रांती

स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींना सरासरीने कमी अपत्ये होतात, तरीही हा आजार मानवजातीत टिकून आहे. प्रवणता हजारो भेदांत विभागलेली असल्याने प्रत्येक भेदाचा परिणाम अत्यल्प असतो आणि नैसर्गिक निवडीने तो सहज नाहीसा होत नाही, हे यामागचे मुख्य स्पष्टीकरण दिले जाते. सर्जनशीलतेसारखा काही लाभ त्यासोबत मिळत असावा, असेही सुचवण्यात आले आहे. स्वीडनमधील नोंदींनुसार रुग्णांचे निरोगी नातेवाईक सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा अधिक आढळतात. आइसलँडमधील २०१५ च्या अभ्यासात कलावंत संघटनांच्या सदस्यांमध्ये जोखीम गुणांक किंचित अधिक आढळला. हा फरक अतिशय लहान आहे, त्यामुळे ‘प्रतिभा म्हणजे वेडाची बहीण’ या समजुतीला त्यातून आधार मिळतो असे म्हणता येत नाही.

संस्कृती व निदान

कोणता विचार ‘असाधारण’ मानायचा, हे समाजावरही अवलंबून असते. महाराष्ट्रात देवी अंगात येणे, दृष्ट लागणे किंवा स्वप्नात दृष्टान्त होणे या कल्पना अनेक घरांत परिचयाच्या आहेत. त्या मानणारा माणूस आपल्या समाजापासून वेगळा ठरत नाही. निदानसंहितेतही, व्यक्तीच्या सांस्कृतिक परिसरात स्वीकारलेल्या समजुती लक्षण म्हणून धरल्या जात नाहीत. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार, समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणे या आधारावर कोणालाही मानसिक रुग्ण ठरवता येत नाही.

आजारातील अनुभवांवरही संस्कृतीची छाप असते. तान्या लुरमान व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅन मटेओ, घानातील आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. अमेरिकन रुग्णांना आवाज बहुधा हिंसक व परके वाटत. चेन्नईतील निम्म्याहून अधिक रुग्णांना नातेवाइकांचे, कामे सांगणारे किंवा रागावणारे आवाज ऐकू येत.

गैरवापराचा इतिहास

आनुवंशिकतेच्या अर्धवट ज्ञानाचा सर्वांत भीषण वापर नाझी जर्मनीत झाला. १४ जुलै १९३३ रोजी संमत झालेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात स्किझोफ्रेनियाचा स्पष्ट उल्लेख होता. मनोविकार-आनुवंशिकीचे आद्य संशोधक एर्न्स्ट रूडिन यांचा या कायद्याच्या अधिकृत भाष्यात सहभाग होता. १९३९ पासून रुग्णांची पद्धतशीर हत्या सुरू झाली. फुलर टॉरी व रॉबर्ट योल्केन यांच्या २०१० मधील अंदाजानुसार, स्किझोफ्रेनिया असलेल्या २,२०,००० ते २,६९,५०० व्यक्तींचे निर्बीजीकरण किंवा हत्या करण्यात आली. युद्धानंतरच्या काळात मात्र जर्मनीत नव्या रुग्णांचे प्रमाण घटलेले आढळले नाही. प्रवणता रुग्णांपुरती मर्यादित नसून संपूर्ण समाजात पसरलेली असल्याने, हा कार्यक्रम अमानुष होता तसाच शास्त्रीयदृष्ट्याही निराधार होता.

व्यावहारिक अर्थ व मर्यादा

बहुजनुकीय गुणांक संशोधनासाठी उपयुक्त असला, तरी एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. २०२२ च्या अभ्यासात हा गुणांक प्रवणतेतील फरकांपैकी सुमारे ७ टक्केच स्पष्ट करू शकला. गुणांकाच्या सर्वांत वरच्या १ टक्का गटात आजाराची शक्यता इतरांच्या सुमारे साडेपाच पट आढळली. मूळ शक्यताच १ टक्क्याच्या आसपास असल्याने, या गटातील बहुतांश लोकही आजारी पडत नाहीत. शिवाय गुणांकासाठी वापरलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे भारतीयांमध्ये त्याची अचूकता आणखी घटते. २०१९ मध्ये दक्षिण भारतातील रुग्ण व कुटुंबांवर आधारित एक जीनोम-अभ्यास प्रसिद्ध झाला. असे भारतीय अभ्यास अद्याप संख्येने थोडे आहेत.

भारतात हा प्रश्न विवाहाशी निगडित होतो. घरात कोणाला हा आजार असल्यास तो लपवण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो आणि निरोगी भावंडांची स्थळेही नाकारली जातात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील घटस्फोटाच्या तरतुदीत स्किझोफ्रेनियाचा नामोल्लेख आहे. मात्र केवळ निदान पुरेसे नसून, एकत्र राहणे वाजवीपणे अपेक्षित धरता येणार नाही इतकी आजाराची तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले. ही तरतूद प्रत्यक्ष आजाराबाबत आहे. नातेवाइकाच्या आजाराबाबत किंवा आनुवंशिक प्रवणतेबाबत नाही.

उपचारांची गरज ठरवताना विचार किती विलक्षण आहे यापेक्षा त्यामुळे व्यक्तीला किती त्रास होतो, तिची झोप, शिक्षण वा काम यांत घसरण होते का आणि स्वतःच्या अनुभवाविषयी शंका घेण्याची क्षमता तिच्यात उरली आहे का, हे पाहिले जाते.

हे सुद्धा पहा

स्किझोफ्रेनिया
आनुवंशिकी
व्यक्तिमत्त्व विकार
सुप्रजननशास्त्र